बुधवारी ऐकलेल्या सदतीस ओळी

उधन्यातलं आमचं घर एका खात्याच्या डोक्यावर होतं. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. खाली चोवीस माग, वर आमच्या दोन खोल्या, मध्ये अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. ताई लग्न होऊन बमरोलीला गेली तेव्हापासून त्या खोल्यांत नाना म्हणजे माझे वडील, आई आणि मी असे तिघंच उरलो. मागांचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगता येत नाही, आणि जो त्यात राहतो त्याला तो ऐकू येईनासा होतो. दिसतो मात्र. माठातल्या पाण्यावर सतत बारीक वलयं असायची. फळीवरचे पेले आपोआप कडेकडे सरकायचे, म्हणून आईने त्यांच्याखाली जुन्या साडीची घडी घातली होती. घडी काढली तर पेला भिंतीपासून कडेपर्यंत यायला पावणेदोन तास लागतात, हे मी एका सुट्टीत दोनदा मोजलं होतं. मोजायची सवय तेव्हापासूनची. मोजायला दुसरं माणूस लागत नाही.

आम्ही तिघंही मोठ्याने बोलायचो. नवीन माणसाला वाटायचं, घरात भांडण चाललंय. नाना दोन गल्ल्या पलीकडच्या खात्यात कारीगर होते. सतरा ते चोवीस नंबरचे आठ माग त्यांच्याकडे. त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा निम्मा. पण मागाचं बरंवाईट त्यांना कानाने कळायचंच नाही, हाताने कळायचं. जुन्या मागांमध्ये आडवा धागा तुटला तरी माग थांबत नसे, तसाच ठोके मारत राही. बघणाऱ्याला वाटावं काम चालू आहे, आणि कापड मात्र विणलं जात नसे. नाना डबा घेऊन आलेल्या माझ्याशी बोलता बोलता एखाद्या मागाच्या चौकटीवर तळहात टेकवायचे आणि बोलणं अर्धवट सोडून तो माग बंद करायचे. प्रत्येक वेळी धागा तुटलेला असायचा. मी विचारलं, कसं कळतं? तर म्हणाले, ठोका तोच असतो, पण त्यात काही भरत नाही.

आई घरी धागा कटिंग करायची. साडीवर विणलेली फुलं असतात, त्यांच्या मागच्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत राहतात. ते कात्रीने कापून साडी साफ करायची, एवढंच काम. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बाया हेच करायच्या आणि बहुतेक पोरांना आठव्या वर्षापर्यंत हे येत असे. मलाही आलं. दप्तर ठेवायचं, हात धुवायचे, कात्री घ्यायची. त्या कामाने माझ्या डोळ्याला एक वळण लागलं ते कायमचं. कुठेही लोंबता धागा दिसला की हात शिवशिवतो. एकदा मी असाच एक धागा कापला आणि पुढच्या बाजूचं अख्खं फूल आईच्या मांडीवर उसवून पडलं. तो लोंबता धागा नव्हता. कारीगराने तुटलेली जागा सांधायला मागून घातलेला टाका होता. आईने मारलं नाही. साडी उलटी केली, फूल कुठे होतं ती जागा दाखवली, परत सुलटी केली. त्यानंतर कापण्याआधी मी प्रत्येक धागा उलटून पाहायला लागलो. साडीपुरता, असं आता म्हणावं लागतं.

महापालिकेच्या मराठी शाळेतून मी गुजराती कॉलेजात आणि तिथून रिंग रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात पोचलो. आम्ही सहा जण साडीवाल्या व्यापाऱ्यांसाठी वेबसाइटी बनवायचो. बनवायचो म्हणजे काय, एकच वेबसाइट होती. रंग बदलायचा, नाव बदलायचं, गणपतीच्या जागी कुलदेवी लावायची. मी चौदा महिन्यांत अशा एकोणपन्नास केल्या. बाकीचे पाच जण दुपारी एकत्र खाली जाऊन वाफवलेल्या डाळीचा लोचो खायचे. मला ते बोलवायचे, नाही असं नाही. पण ते भरभर गुजरातीत बोलायचे आणि माझा विनोद तयार होईपर्यंत विषय तीनदा बदललेला असायचा. मग मी कळण्याची भाकरी आणि ठेचा जागेवरच खायला लागलो, आणि खाता खाता दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायला लागलो.

आमच्या प्रत्येक वेबसाइटमध्ये फॉर्म असायचा: नाव, गाव, फोन, निरोप. हा फॉर्म आम्ही लिहिलेला नव्हता. जगात कुणीतरी लिहून ठेवलेला, कुणीही उचलून वापरावा असा होता. त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्याचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतो, आणि त्यात सुधारणा सुचली तर लिहून पाठवू शकतो. ज्याच्याकडे त्या कामाची राखण असते तो ती वाचतो; पटली तर मूळ कामात घेतो. हे मला कळलं त्या दुपारी मी डबा तसाच ठेवून तो कोड पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. आणि मला लोंबते धागे दिसायला लागले. एक ओळ दोनदा लिहिलेली. एक यादी तयार करून ठेवलेली, पण कुणी वापरत नाही. चार ओळी काढून टाकल्या, सगळं चालतंय याची खात्री केली आणि पाठवून दिल्या. वर लिहिलं, "रिस्पेक्टेड सर".

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजीत, पण इतकं साधं की मला एकही शब्द शोधावा लागला नाही. "इथे सर कुणी नाही. काम चांगलं आहे. घेतलं. चारपैकी तिसरी ओळ का काढलीस ते एका वाक्यात लिही, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कळेल." खाली सही म्हणून एकच अक्षर, टी. हा टी कुठल्या देशातला, केवढ्या वयाचा, बाई की पुरुष, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि पुढेही फारसं कळलं नाही. मी मनात त्याला पुरुष धरलं, वय नानांएवढं धरलं. मी लिहिलेलं कुणीतरी ओळ न् ओळ वाचलं होतं, आणि त्यातल्या तिसऱ्या ओळीवर थांबलं होतं. आमच्या इतक्या वेबसाइटींपैकी एकीचाही कोड कधी कुणी वाचला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मी उधना दरवाज्यावर बस सोडली आणि उरलेला रस्ता चालत गेलो.

मग माझा एक नेम झाला. सकाळी सहाला उठायचं, पावणेआठपर्यंत टीचं काम, नंतर ऑफिस. सेकंडहँड कॉम्प्युटर आईच्या साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी होता. नाना रात्रपाळीवरून आले की माझ्यामागे खाटेवर बसून चहा प्यायचे. आई कात्री चालवत अहिराणीत विचारायची, "कोनले लिखी राहिना इतलं?"

"टी म्हणून आहेत एक."

"कोन गावना?"

"माहीत नाही."

"तुले कधी भेटना का तो?"

"नाही."

"मंग तो तुनं काबर वाचस?"

तो माझं का वाचतो याचा विचार सोडून मी पुढची ओळ वाचायला घ्यायचो. ऑफिसात जिगर नावाचा मुलगा माझ्या शेजारी बसायचा, मनाने वाईट नव्हता, पण तोंड बंद ठेवणं त्याला माहीत नव्हतं. त्याने एकदा माझ्या पडद्यावर टीचा निरोप पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अल्या पाटील, पारकां वासण घसे छे? हमारे घर भी आ जा, मम्मी खुश हो जाएगी!" परक्याची भांडी घासतोस, असं. सगळे हसले. मीही हसलो. सात महिन्यांत मी अकरा सुधारणा पाठवल्या, अकराही घेतल्या गेल्या, आणि त्या सगळ्यांत मिळून मी दोनशे सहा ओळी काढल्या होत्या, घातल्या फक्त नऊ. टीने एकदा लिहिलं होतं, "तू नुसतं कमी करतोस. बहुतेकांना भर घालायची हौस असते." हे वाक्य मी कुणाला दाखवलं नाही. दाखवायला कुणी नव्हतं, हेही खरं.

बारावी सुधारणा मी थंडीत पाठवली. बारडोलीकडून पोंक यायला लागला होता. सुरतेत ज्वारीच्या हुरड्याला पोंक म्हणतात, आई मात्र हट्टाने हुरडाच म्हणायची. वाटीत हुरडा आणि शेव घेऊन मी तो कोड वाचत होतो. आम्ही चारच रकाने वापरत असलो तरी मूळ फॉर्ममध्ये ते सदतीस तऱ्हांचे होते, आणि प्रत्येकापाशी एक ओळ अशी होती की ती रकान्याचं नाव पुन्हा एकदा लिहायची आणि ते लिहिलेलं पडद्याच्या बाहेर, दूर डावीकडे नेऊन टाकायची. दिसूच नये अशा जागी. कशाला लिहायचं आणि कशाला लपवायचं? मला वाटलं, कुणीतरी जुन्या काळी काहीतरी करून पाहिलं असेल आणि काढायला विसरलं असेल. अशा सगळ्या मिळून सदतीस ओळी होत्या. काढल्या. चार ब्राउझरमध्ये फॉर्म उघडून पाहिला. पडद्यावर तिळाएवढाही फरक नव्हता. पाठवून दिलं. एरवी टीला दोन-तीन दिवस लागायचे. त्या दिवशी अकरा मिनिटांत उत्तर आलं, "छान. घेतलं." मला वाटलं, आता त्याला माझं तपासावं लागत नाही. एवढा अभिमान मला पुढे नोकरीतल्या कुठल्या बढतीचाही वाटला नाही.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, त्या कामाच्या जाहीर पानावर एका अनोळखी माणसाचा निरोप दिसला. तो दृष्टिहीन होता. एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता, एकोणीस वर्षं. फोनवर आलेले निरोप तो फॉर्ममध्ये टाइप करून डॉक्टरांकडे पाठवायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते त्याला प्रत्येक रकान्याचं नाव कानात सांगायचं. "नऊ दिवसांपूर्वी आमच्याकडे फॉर्मची नवी आवृत्ती आली तेव्हापासून," त्याने लिहिलं होतं, "मला कुठल्याही रकान्यात गेलं तरी एकच ऐकू येतं: एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. मी पेशंटचं नाव फोनच्या जागी लिहिलं. आता माझं काम शेजारची मुलगी करते. काल साहेबांनी विचारलं, तुम्हाला हे पुढे जमणार आहे का." त्याने कुणावर राग काढला नव्हता. काय झालंय ते कुणी पाहील का, एवढंच विचारलं होतं.

मी तो निरोप वाचला तेव्हा त्याच्याखाली टीचं उत्तर आलेलंही होतं. त्याने त्या सदतीस ओळी तासाभरात परत घातल्या होत्या आणि लिहिलं होतं, "दुरुस्त केलं आहे. ही चूक माझी. मी न तपासता बदल आत घेतला. तुमच्या साहेबांना दाखवायचं असेल तर हे पान दाखवा." माझं नाव त्यात नव्हतं. माझ्याकडेही त्याने वेगळं काही लिहिलं नव्हतं.

खरं तर प्रकरण तिथे संपलं होतं. दुरुस्ती झाली होती, दोष दुसऱ्याने अंगावर घेतला होता, आणि उधन्यातल्या एका माणसाचं नाव शोधायला कुणी येणार नव्हतं. मी ऑफिसला गेलो. पन्नासाव्या वेबसाइटचा रंग केशरी केला. शुक्रवारी सकाळी सहाला उठलो, कॉम्प्युटर लावला, काही आलं नव्हतं. शनिवारीही नाही. अकरा वेळा ज्याने माझं वाचलं, त्याने आता मला न सांगता मिटून टाकलं आहे असं वाटायला लागलं. माफी मागावी, तर कशाची? मी काय केलं हे मला नीट कळलेलंच नव्हतं. न समजता मागितलेली माफी त्याला लगेच ओळखू आली असती. तो तिसऱ्या ओळीवर थांबणारा माणूस होता. आणि न मागता पुन्हा तेरावी सुधारणा पाठवायची, तर ते माझ्याच्याने होणार नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये, ज्याच्याशी मी बोलत होतो असा जगातला एक माणूस माझ्या हातून जात होता.

आईच्या लक्षात आलं. सकाळी सहाला उठून मी नुसता बसतो, हे कात्री चालवता चालवता तिने दोन दिवस पाहिलं. मग विचारलं. मी तिला जमेल तसं सांगितलं: असे असे लपवलेले शब्द होते, मला फालतू वाटले, कापले, आणि एका आंधळ्या माणसाचं काम अडलं. ती हातातली साडी खाली न ठेवता म्हणाली, "उलटं करीसन दखं का तू पहिले?"

"पडद्याला उलटी बाजू नसते, आई."

"ज्यानी लावं तो काय येडा व्हता?"

मी त्याच दिवशी ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळवलं. उलटी बाजू होती. ती ऐकायची होती. पण ऐकायची कुठे? ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचे स्पीकर मालक हसमुखभाईंनी काढून कपाटात ठेवले होते, म्हणजे आम्ही गाणी लावणार नाही. घरी खाली चोवीस माग. एकाच बाजूने चालणारा हेडफोन लावून, वरून उशी दाबून पाहिली. तो यंत्राचा इंग्रजी आवाज मागांच्या ठोक्यांत असा मिसळून जायचा की तो बोलतोय एवढंच कळायचं, काय ते नाही. आमच्या गल्लीतली खाती आठवड्यातून एकदाच बंद असायची, बुधवारी. बुधवारी मला ऑफिस. मंगळवारी मी हसमुखभाईंकडे रजा मागितली. चौदा महिन्यांतली पहिली.

"तबियत?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नहीं शेठ. घर पे सुनने का काम है."

"सुनने का?" त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "अरे पाटील, शादी तो हुई नहीं, अभी से सुनने की प्रॅक्टिस?" जिगरने मागून टाळी वाजवली. पण रजा मिळाली.

बुधवारी माग बंद झाले की गल्लीतल्या माणसांना चैन पडत नसे. नानांना तर झोपच लागायची नाही. ते उठून खोलीभर फिरायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. त्या दिवशी आईने फुणके आणि कढी केली होती. तुरीच्या वाटलेल्या डाळीचे ते मुटके वाफवताना ताटलीचा बारीक खडखडाटसुद्धा ऐकू येत होता. माठातलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. मी दोन छोटे स्पीकर जोडले, माझ्या हातची ती बारावी सुधारणा असलेला फॉर्म उघडला, आईची ओढणी डोळ्यांवर बांधली आणि कीबोर्डवर हात ठेवले.

"एडिट. ब्लँक."

मी माझं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात गेलो.

"एडिट. ब्लँक."

गाव लिहिलं. पुढे गेलो. "एडिट. ब्लँक." हा तिसरा की चौथा? मागे मागे आलो. "एडिट." मघाशी लिहिलेलं नाव त्याने वाचलं, म्हणजे मी पहिल्यावर होतो. पुन्हा पुढे. फॉर्म मी पन्नास वेबसाइटींत लावला होता, त्यातला प्रत्येक रकाना मला पाठ होता, आणि तरी तिसऱ्यानंतर मी कुठे उभा आहे हे मला सांगता येईना. अंधारात कुणीतरी प्रत्येक दाराशी एकच शब्द बोलत होतं. पाच वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. पाचही वेळा चुकलो.

नाना फिरता फिरता माझ्यामागे येऊन थांबले असणार. त्यांनी विचारलं, "काय बोली राहिना हाऊ?"

मी ओरडून सांगितलं की हा यंत्राचा आवाज आहे, फॉर्म वाचून दाखवतोय. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. ओढणीआडून मला एवढंच कळलं की त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला. त्यांनी स्पीकरवर तळहात टेकवला. मी की दाबत गेलो. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. चार-पाच वेळा झालं असेल.

"एकच ठोका मारी राहिना," नाना म्हणाले. "आडवा धागा तुटेल शे. बंद कर."

मी ओढणी काढली. ते तळहात लुंगीला पुसत होते, जणू त्याला तेल लागलं होतं. मग मी त्या सदतीस ओळी परत असलेला फॉर्म उघडला आणि ओढणी पुन्हा बांधली. नेम. सिटी. फोन. मेसेज. पहिल्याच फेरीत सगळं बरोबर भरलं गेलं. नानांचा हात स्पीकरवर तसाच होता. फेरी संपल्यावर हात काढून ते जेवायला बसले.

जेवण झाल्यावर मी टीला लिहिलं, त्याच जाहीर पानावर, ऑपरेटरच्या निरोपाखाली, माझ्या पूर्ण नावानिशी. लिहिलं की ओळी मी काढल्या. डोळ्यांनी चार ठिकाणी तपासलं, कानाने एकदाही नाही. आज पाच वेळा डोळे बांधून भरून पाहिलं, पाचही वेळा तिसऱ्या रकान्यानंतर हरवलो. ऑपरेटरना लिहिलं, तुम्ही नऊ दिवस त्यात होतात. माझे बारा बदल मी पुन्हा एकदा ऐकून तपासणार आहे, फक्त त्याला वेळ लागेल, कारण माझ्या घरी आठवड्यातून एकच दिवस शांतता असते. एवढंच. त्यात "सॉरी" हा शब्द एकदाच होता. मी मोजला होता.

उत्तर यायला चार दिवस लागले. आधी ऑपरेटरचं आलं, एका ओळीचं: साहेबांना पान दाखवलं, काम परत माझ्याकडे आहे. नंतर टीचं. "मी वाट पाहत होतो. मी तुला लिहिलं असतं तर तू फक्त माफी मागितली असतीस. त्या अकरा मिनिटांची चूक माझीच आहे, ती मी तुला देणार नाही. यापुढे फॉर्ममध्ये येणारा प्रत्येक बदल आधी तू ऐकायचा, मग मी वाचीन. बुधवार चालेल. कुणाला घाई नाही." त्याने मला त्या ओळींच्या वर एक टिपणही लिहायला सांगितलं. मी तीन ओळींचं लिहिलं. त्याचा सारांश, काढण्याआधी ऐका.

माझं शिक्षण कुठे झालं असं कुणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगतो. पण शिकलो ते त्यानंतरच्या आठ वर्षांत. दर बुधवारी अर्धा दिवस रजा, आणि त्याऐवजी रविवारी सकाळी ऑफिस, अशी हसमुखभाईंशी बोली झाली होती. टीचे मला एकंदर तीनशे अठरा निरोप आले. त्यांत त्याने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टी चारच: त्याला मांजर आहे, त्याच्याकडे बर्फ पडतो, गुडघा दुखतो, आणि लहानपणी त्याची आई शिवणकाम करायची. शेवटचा निरोप एका मंगळवारचा आहे. मी पाठवलेल्या बदलाखाली लिहिलंय, "आज वाचणं झालं नाही. उद्या वाचतो." मी एक्केचाळीस दिवस थांबलो. मग तो बदल मीच वाचला आणि, आत घ्यायची मुभा त्याने मला दिलेली होतीच, मीच आत घेतला. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. कुणाला विचारावं हेही माहीत नाही.

आता मी अडाजणला सातव्या मजल्यावर राहतो. बायको बँकेत असते, मुलगी शिकायला पुण्याला. मी घरूनच काम करतो. खिडक्या लावल्या की आत काही ऐकू येत नाही. नाना गेले, ते गेले त्या दिवशी बुधवार नव्हता आणि खालचे माग चालू होते, हे बरंच झालं असं आई म्हणते. आई आता आमच्याकडे असते, दिसतं कमी, तरी मी जवळून गेलो की शर्टाचा सुटलेला धागा बोटांनी शोधते आणि तोडण्याआधी उलटून पाहते. काही दिवस असे जातात की तिच्याशी बोललेली आठ-दहा वाक्यं सोडली तर माझा आवाज मला ऐकू येत नाही. त्या फॉर्मचं काम मात्र अजून माझ्याकडे आहे. जगात तो कुठे कुठे वापरला जातो ते मला माहीत नाही. बदल येतात, मी ऐकतो, मग वाचतो.

गेल्या आठवड्यात एका नवख्याचा बदल आला. पहिलाच. कोण, कुठला, मुलगा की मुलगी, काही कळत नाही. नावाच्या जागी तीन अक्षरं आणि दोन आकडे आहेत. वर लिहिलंय, "रिस्पेक्टेड सर, काही उपयोग नसलेल्या ओळी काढल्या आहेत. चार ब्राउझरमध्ये तपासलं. वरच्या जुन्या टिपणाचा अर्थ लागत नाही, म्हणून तेही काढलं." मोजायची गरज नव्हती तरी मोजलं. चाळीस ओळी. सदतीस त्या, आणि तीन माझ्या. टिपणाचा अर्थ मला लागत होता म्हणून सगळ्यांना लागेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, तेव्हा त्यातली चूक अर्धी माझीच.

"नाही" एवढं लिहून बंद करता आलं असतं. कारण लिहून पाठवावं असंही वाटलं. लिहिलं, आणि खोडलं. मग एवढंच लिहिलं: "इथे सर कुणी नाही. काम नेटकं आहे. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लाव, डोळे बांध, तू बदललेला फॉर्म भर, आणि तिसऱ्या रकान्यानंतर तू कुठे आहेस ते मला कळव. घाई नाही."

आज सहावा दिवस आहे. उत्तर आलेलं नाही. सकाळी सहाला उठून मी पाहतो. तिकडे आवाज असेल. शांततेचा वार यायचा असेल.